वाचकांचे प्रश्न : ब्राउझरमधले क्रिप्टो वॉलेट

क्रिप्टो चलन घ्यावे की घेऊ नये, हा या सदराचा विषय नाही. ज्यांनी ते घ्यायचे ठरवले आहे आणि त्यासाठी ब्राउझरमध्ये वॉलेट बसवले आहे किंवा बसवण्याच्या विचारात आहेत, अशा वाचकांच्या पत्रांतून काही प्रश्न येथे निवडले आहेत. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी ईथर हे चलन ज्यावर चालते ते इथेरियम हे नेटवर्क आणि २०१६ पासून प्रचारात असलेले मेटामास्क हे वॉलेट डोळ्यांसमोर ठेवले आहे. इतर वॉलेटांत बटणांची नावे आणि पडद्याची मांडणी वेगळी असली, तरी आतली रचना बहुतांशी हीच असते.

प्रश्न : आजवर माझे थोडे ईथर एक्स्चेंजवरच, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडेच, पडून होते. आता ब्राउझरमधले वॉलेट वापरावे असे मनात आहे. उद्या संगणक बिघडला किंवा ब्राउझर काढून टाकावा लागला, तर त्यातले ईथर नाहीसे होतील का? ते नेमके असतात तरी कुठे?

उत्तर : ते आपल्या संगणकात नसतात आणि वॉलेटमध्येही नसतात. कोणत्या पत्त्यावर, म्हणजे खाते क्रमांकासारख्या खुणेवर, किती ईथर आहेत याची नोंद इथेरियमच्या ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या खातेवहीत असते. ती नोंद बदलण्यासाठी एका विशिष्ट प्रायव्हेट कीने, म्हणजे मालकाकडे असलेल्या गुप्त संख्येने, केलेली सही लागते. वॉलेट ती की सांभाळते, तिने सही करते आणि खातेवही वाचून शिल्लक दाखवते, एवढेच त्याचे काम. ‘वॉलेट’ या नावामुळे पैशांचे पाकीट डोळ्यांसमोर येते आणि अनेक गैरसमजांची सुरुवात तिथूनच होते. पाकिटापेक्षा त्याचे साम्य सहीच्या शिक्क्याशी अधिक आहे.

एक्स्चेंजवर हा शिक्का एक्स्चेंजच्या ताब्यात असतो. आपण पासवर्ड विसरलात तर ते ओळख पटवून खाते पुन्हा उघडून देतात. परंतु ते बुडाले किंवा त्यांनी व्यवहार थांबवले तर आपल्या हाती काही उरत नाही. ब्राउझरमधल्या वॉलेटमध्ये शिक्का आपल्याकडे येतो आणि त्याबरोबर ओळख पटवून देणारे कार्यालयही नाहीसे होते. एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला वॉलेटचा छोटा प्रोग्रॅम, काढून टाकले की संगणकावरची कीची कुलूपबंद प्रत पुसली जाते, ब्लॉकचेनवरची नोंद जशीच्या तशी राहते. वॉलेट तयार करताना मिळालेले बारा शब्द जवळ असतील, तर कोणत्याही दुसऱ्या संगणकावर तीच खाती पुन्हा उभी करता येतात. ते नसतील, तर ईथर सगळ्या जगाला दिसत राहतील आणि आपल्याला हलवता येणार नाहीत.

यात एक बारकावा आहे. एखादे जुने खाते आपण त्याची प्रायव्हेट की वेगळी टाकून वॉलेटमध्ये आणले असेल, तर ते या बारा शब्दांतून परत येत नाही, कारण ते त्या शब्दांतून निघालेलेच नसते. त्याची की स्वतंत्रपणे जपून ठेवावी लागते.

प्रश्न : वॉलेट बसवण्याची बिनधोक पद्धत टप्प्याटप्प्याने सांगाल का? शोधयंत्रात नाव टाकले तर एकाच नावाची चार-पाच संकेतस्थळे दिसतात.

उत्तर : फसवणुकीचे पहिले दार नेमके तेच आहे. शोधाच्या निकालांत सर्वांत वर दिसणारा दुवा अनेकदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते आणि तिच्या आड हुबेहूब दिसणारे बनावट संकेतस्थळ असू शकते. ब्राउझरच्या अधिकृत एक्स्टेंशन दुकानातही बनावट वॉलेट शिरल्याच्या घटना घडलेल्या आहेत, त्यामुळे तिथे थेट नावाने शोधणेही पुरेसे सुरक्षित नाही. वॉलेट बनवणाऱ्या कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करावा, तिच्या पानावरील दुव्यावरून दुकानात जावे आणि तिथे प्रकाशकाचे नाव व वापरकर्त्यांची संख्या पाहावी. लाखो लोक वापरतात असे म्हटले जाणारे वॉलेट काही शे जणांनीच घेतलेले दिसले, तर पान बंद करावे.

त्याआधी एक काम करण्यासारखे आहे, ते म्हणजे ब्राउझरमध्ये वॉलेटसाठी वेगळे प्रोफाइल तयार करणे. आपण रोजच्या वापरात कूपन शोधणारी, व्याकरण तपासणारी, व्हिडिओ उतरवून घेणारी अशी अनेक एक्स्टेंशन बसवतो आणि त्यांतल्या कित्येकांना ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी देऊन मोकळे होतो. अशा एक्स्टेंशनची मालकी बदलली आणि नव्या मालकाने त्यात खोडसाळ भर घातली, तर आपण उघडलेल्या पानावरचा पाठवण्याचा पत्ताही ते बदलू शकते. वेगळ्या प्रोफाइलमध्ये वॉलेटखेरीज दुसरे एक्स्टेंशन ठेवूच नये. कार्यालयाचा, सायबर कॅफेचा किंवा घरातल्या मुलांच्या खेळांसाठी वापरला जाणारा संगणक या कामासाठी घेऊ नये.

एक्स्टेंशन उघडल्यावर नवे वॉलेट तयार करण्याचा पर्याय निवडावा. काही वॉलेटांत आता गूगल किंवा अॅपलच्या खात्याने सुरुवात करण्याची सोय असते. ती सोपी असली तरी तिथे त्या खात्याची सुरक्षितता हीच वॉलेटची सुरक्षितता होऊन बसते, हे ध्यानात घेऊन निर्णय करावा. नेहमीच्या पद्धतीत प्रथम पासवर्ड विचारला जातो. हा पासवर्ड फक्त या संगणकावरच्या प्रतीचे कुलूप आहे. त्यानंतर बारा इंग्रजी शब्द दिसतात आणि ते लिहून घेतल्याची खातरजमा करण्यासाठी त्यांतले काही पुन्हा विचारले जातात. हे शब्द वॉलेटने आपल्यासमोर नव्याने तयार केलेले असले पाहिजेत. कोणी मदतीच्या भावनेने ‘तयार वॉलेट’ देऊ केले किंवा डब्यातून आलेल्या छापील कार्डावर शब्द आधीच लिहिलेले असले, तर त्या वॉलेटचा दुसरा मालक कुठेतरी बसलेला आहे असेच समजावे.

आता लगेच रक्कम भरू नये. दुसऱ्या संगणकावर, किंवा त्याच ब्राउझरच्या आणखी एका प्रोफाइलमध्ये, कागदावरचे शब्द वाचून वॉलेट पुन्हा उभारून पाहावे आणि दोन्हीकडे पत्ता अक्षर न् अक्षर तोच येतो का ते ताडून पाहावे. खात्री झाली की ती चाचणीची प्रत पुसून टाकावी. या खटाटोपाचा कंटाळा येतो हे मला मान्य आहे. माझ्या पहिल्या वॉलेटच्या वेळी मात्र याच चाचणीत कळले, की कागदावर पाचवा आणि सहावा शब्द मी उलटसुलट लिहिला होता. सरावासाठी इथेरियमचे सेपोलिया नावाचे चाचणी नेटवर्क आहे. तिथल्या ईथरला बाजारात किंमत नसते आणि ते फॉसेट म्हणवल्या जाणाऱ्या संकेतस्थळांवरून फुकट मिळते. पाठवणे, स्वीकारणे, शुल्क पाहणे हे सारे तिथे बिनधास्त करून बघता येते.

प्रश्न : बारा शब्दांचा फोटो काढून ठेवला तर काय बिघडते? आणि अधिक सुरक्षिततेसाठी त्यांचे दोन तुकडे करून सहा शब्द एका ठिकाणी व सहा दुसऱ्या ठिकाणी ठेवावेत का? इंग्रजी शब्द मी देवनागरीत लिहून ठेवले तर चोराला ते कळणार नाहीत, असाही एक विचार मनात आला.

उत्तर : एकाच पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही महत्त्वाचे आहेत.

फोटोचे उत्तर सोपे आहे. फोन काढलेला फोटो अनेकदा आपल्या नकळत क्लाउडवर चढवतो, त्यातली अक्षरे ओळखून शोधण्याजोगी करतो आणि गॅलरीची परवानगी असलेल्या प्रत्येक अॅपला तो दिसतो. ईमेलचा मसुदा, स्वतःलाच पाठवलेला संदेश, नोंदवहीचे अॅप यांनाही तेच लागू आहे. शब्द कागदावर पेनाने लिहावेत, दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. रक्कम मोठी असेल तर आग-पाण्याला दाद न देणाऱ्या धातूच्या पट्टीवर कोरून घ्यावेत.

तुकडे करण्याबद्दल मात्र थोडे गणित करावे लागेल. हे शब्द मनाला येतील तसे निवडलेले नसतात. बिप-३९ नावाच्या, २०१३ सालच्या प्रमाणकानुसार २,०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे आणि तिच्यातून हे बारा शब्द येतात. एकेका शब्दात ११ बिट (शून्य किंवा एक असे अंक), म्हणजे बारा शब्दांत १३२ बिट माहिती मावते. त्यांतले १२८ बिट यादृच्छिक असतात आणि शेवटचे ४ बिट लिहिण्यातली चूक पकडण्यासाठी ताळा म्हणून असतात. १२८ बिटांच्या सर्व शक्यतांची संख्या ३९ अंकी आहे, त्यामुळे अंदाजाने ती शोधून काढणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यात नाही. पण चोराला सहा शब्द मिळाले, तर उरलेल्या सहांत ६२ बिटांचेच काम राहते. म्हणजे आपली सुरक्षितता निम्मी झाली असे नव्हे, तर शक्यतांच्या संख्येतले वीस अंक गळून पडले. काही जण तीन कागद करून प्रत्येकावर आठ शब्द लिहितात आणि कोणतेही दोन कागद मिळाले की बारा पूर्ण होतील अशी योजना करतात. ती दिसायला हुशार आहे. पण एकच कागद चोराच्या हाती लागला तर चार शब्दांचा, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यतांचा प्रश्न उरतो, आणि तो सोडवणारी यंत्रे भाड्याने मिळतात. दुसरीकडे, दोन ठिकाणी सहा-सहा शब्द ठेवले तर एक ठिकाण गेले की आपणही बाहेर. थोडक्यात, चोराचे काम सोपे होते आणि आपले अवघड. तुकडे करण्याऐवजी बारांच्या बारा शब्द एकत्र ठेवून ती जागा चांगली निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

हेच गणित कधी आपल्या बाजूनेही काम करते. ओलाव्याने एक शब्द पुसला गेला आणि त्याची जागा माहीत असेल, तर ताळ्यामुळे २,०४८ पैकी साधारण १२८ शब्दच तिथे बसू शकतात आणि ते एकेक करून पाहता येतात. यादीतले शब्द असे निवडलेले आहेत की पहिल्या चार अक्षरांवरूनच प्रत्येक शब्द वेगळा ओळखू यावा. म्हणून अक्षर गचाळ असलेल्यांनी निदान पहिली चार अक्षरे तरी सुवाच्य लिहावीत.

देवनागरीत लिहिल्याने चोर फसणार नाही, आपण स्वतः फसण्याची शक्यता मात्र आहे. काही वर्षांनी कागद पाहताना स्पेलिंग आठवावे लागेल, आणि वॉलेटला स्पेलिंग तंतोतंत लागते. या प्रमाणकात जपानी, स्पॅनिश, फ्रेंच अशा काही भाषांच्या याद्या आहेत, मराठीची नाही, आणि बहुतेक वॉलेटे इंग्रजी यादीच वापरतात. शब्द जसे दिसले तसे, त्याच लिपीत, क्रमांक घालून लिहावेत.

शब्द तयार करतानाच यादृच्छिकता कमी पडली तर पुढची सगळी काळजी वाया जाते, याचेही उदाहरण आहे. ट्रस्ट वॉलेटच्या ब्राउझर एक्स्टेंशनमध्ये १४ ते २३ नोव्हेंबर २०२२ या काळात तयार झालेल्या वॉलेटांत १२८ ऐवजी ३२ बिटांचीच यादृच्छिकता होती, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. त्या काळात वॉलेट केलेल्यांना रक्कम नव्या वॉलेटमध्ये हलवण्यास सांगण्यात आले. कुलूप लावणारा कितीही सावध असला तरी किल्ली बनवणाऱ्याची चूक त्याला बाहेरून दिसत नाही. म्हणून मोठी रक्कम निव्वळ ब्राउझरच्या भरवशावर ठेवू नये, असे मी नेहमी सांगत असतो. लेजर किंवा ट्रेझरसारख्या हार्डवेअर वॉलेटमध्ये की त्या छोट्या उपकरणातच तयार होते आणि तिथेच राहते. ब्राउझरमधले वॉलेट त्याला जोडून वापरता येते.

प्रश्न : वॉलेटचा पासवर्ड विसरलो आहे. कंपनीला लिहून नवा मागवता येईल का?

उत्तर : नाही, कारण तो कंपनीकडे कधी गेलेलाच नसतो. बारा शब्द असतील तर वॉलेट पुन्हा उभारून नवा पासवर्ड ठेवा. शब्द नसतील, तर एक्स्टेंशन मुळीच काढून टाकू नका आणि ब्राउझरची माहितीही पुसू नका. कुलूपबंद प्रत अजून संगणकावर आहे, आणि पासवर्ड कधीतरी आठवला तर तीच उपयोगी पडेल.

प्रश्न : संकेतस्थळे कधी ‘कनेक्ट’ करा म्हणतात, कधी ‘साइन’ करा, कधी ‘अप्रूव्ह’ करा. मला हे तिन्ही सारखेच वाटतात. ज्या खिडकीत शुल्क दाखवलेले नसते, ती तरी निर्धास्तपणे मान्य करावी का?

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत मला हा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटला, कारण प्रायव्हेट की चोरीला न जाताही लोकांचे पैसे जातात ते येथे.

‘कनेक्ट’ केल्याने त्या संकेतस्थळाला आपला पत्ता कळतो, आणि पत्त्यावरून शिल्लक व जुने व्यवहार कोणालाही वाचता येतात. एवढ्याने रक्कम हलत नाही. खासगीपणाचा प्रश्न तेवढा राहतो. तो ज्यांना बोचतो त्यांनी संकेतस्थळांसाठी वेगळे खाते ठेवावे.

‘अप्रूव्ह’ ही गोष्ट वेगळी आहे. इथेरियमवरील टोकन, म्हणजे ईथरखेरीजची तिथली चलने, बहुतेक करून ईआरसी-२० या प्रमाणकानुसार चालतात आणि त्यात एका स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे ब्लॉकचेनवर ठेवलेल्या आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला, आपल्या वतीने टोकन उचलण्याची मुभा देण्याची सोय आहे. टोकनांची अदलाबदल करणाऱ्या संकेतस्थळांना ती खरोखरच लागते. मात्र दर वेळी विचारावे लागू नये म्हणून अनेक संकेतस्थळे अमर्याद रकमेची मुभा मागतात, आणि आपण शंभर टोकनांचा व्यवहार करताना आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सगळ्या टोकनांवर सही करून बसतो. ही मुभा ब्लॉकचेनवर नोंदली जाते. नंतर वॉलेटला कुलूप लावले, संगणक बंद केला, संकेतस्थळापासून ‘डिसकनेक्ट’ केले, तरी ती तशीच राहते. नोव्हेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओ या सेवेच्या पानात हल्लेखोरांनी स्वतःचा कोड घुसवला होता. तो कोड नेहमीच्या व्यवहारांच्या आडून जास्तीची मुभा मागत होता आणि लोक ती देत होते. मुभा गोळा होत असताना कोणाचे काहीच गेले नाही. पुढे डिसेंबरमध्ये एका दिवशी सुमारे १२ कोटी डॉलर एकदम गेले. संकेतस्थळ खरे होते, पत्ता बरोबर होता, वॉलेटमध्ये दोष नव्हता.

मुभेच्या खिडकीत रकमेचा आकडा बदलता येतो, म्हणून तो त्या व्यवहारापुरताच करावा. कलाकृतींच्या टोकनांबाबत ‘सर्वांसाठी मंजुरी’ अशा अर्थाची विनंती आली, तर एका कॉन्ट्रॅक्टला त्या संग्रहातली आपली सगळी टोकने नेता येतील, असा तिचा अर्थ आहे. आधी दिलेल्या मुभा, इथेरियमवरचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन या संकेतस्थळावरच्या मंजुरी तपासण्याच्या पानावर पाहता येतात आणि तिथूनच रद्द करता येतात. रद्द करणे हाही एक व्यवहार असल्याने त्याला थोडे शुल्क पडते. तीन-चार महिन्यांतून एकदा हे पान उघडून बघण्याची सवय लावून घ्यावी.

आता शुल्क नसलेल्या सहीविषयी. आपल्या मनात आलेला तर्क स्वाभाविक आहे, पण तो उलटा आहे. शुल्क नाही याचा अर्थ ती सही या क्षणी ब्लॉकचेनवर जात नाही, इतकाच. अशा काही सह्या निरुपद्रवी असतात. संकेतस्थळावर प्रवेश करताना ‘हा पत्ता माझाच आहे’ असे सिद्ध करण्यासाठी त्या मागतात आणि त्यांतला मजकूर साध्या वाक्यांत वाचता येतो. परंतु अनेक टोकनांत ‘परमिट’ नावाची सोय आहे. तिच्यात वर सांगितलेली मुभा केवळ सहीने देता येते आणि ती सही कोणीही, आपल्या सोयीच्या वेळी, स्वतः शुल्क भरून ब्लॉकचेनवर नेऊ शकतो. चोरासाठी ती कोऱ्या धनादेशासारखी असते, आणि तो वटवण्याचा खर्चही तो आनंदाने करतो. सहीच्या खिडकीत परमिट, स्पेंडर, व्हॅल्यू, डेडलाइन असे शब्द दिसले की थांबावे. प्रवेशासाठी या कशाचीही गरज नसते. जे मुळीच वाचता येत नाही, नुसत्या अंक-अक्षरांची लांब माळ आहे, त्यावर सही करू नये.

वाचून सही करण्याचा हा नियम नवशिक्यांपुरता आहे, असे कोणी समजू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीडशे कोटी डॉलर किमतीचे ईथर गेले. तिथे एकापेक्षा अधिक अधिकाऱ्यांच्या सह्या लागत होत्या आणि हार्डवेअर उपकरणेही होती. हल्लेखोरांनी सह्या घेणाऱ्या वेब-पानाचाच कोड बदलला होता. पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्याच व्यवहारावर होत होती. आजची बरीच वॉलेटे सहीपूर्वी व्यवहार चालवून बघतात आणि ‘या व्यवहारानंतर आपल्याकडून अमुक टोकन जाईल’ असे दाखवतात. त्या ओळी वाचाव्यात. त्यांनी धोक्याची सूचना दिली तर ती मानावी, आणि नाही दिली तर तेवढ्यावरून व्यवहार सुरक्षित आहे असे मात्र मानू नये.

प्रश्न : माझ्या जुन्या व्यवहारांच्या यादीत शून्य रकमेचा एक व्यवहार दिसतो, जो मी केलेला नाही. वॉलेट कोणी फोडले आहे का?

उत्तर : बहुधा नाही. आपल्याला चुकीचा पत्ता उचलायला लावण्यासाठी टाकलेले ते आमिष आहे. इथेरियमचा पत्ता शून्य आणि एक्सने सुरू होतो आणि त्यापुढे ४० अक्षर-अंक असतात. एवढा लांब पत्ता कोणी वाचत नाही. बहुतेक जण पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहून समाधान मानतात, आणि वॉलेटही जागा वाचवण्यासाठी मधला भाग गाळून दाखवते. आठ अक्षरे जुळणारा पत्ता तयार करायला सरासरी ४२९ कोटी प्रयत्न लागतात, आणि संगणकाला ते जड नाहीत. योगायोगाने वर आलेली संख्याही हीच आहे. आपण नेहमी ज्याला रक्कम पाठवता त्याच्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता चोर बनवतो आणि शून्य किंवा नगण्य रकमेच्या व्यवहाराने तो आपल्या यादीत आणून ठेवतो. पुढच्या वेळी आपण यादीतून पत्ता कॉपी केलात की त्याचे काम झाले. मे २०२४ मध्ये एका व्यक्तीचे सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर याच रीतीने गेले. पुढे चोराने त्यातला बहुतेक भाग परत केला, पण इतर कोणी तशा नशिबाची आशा धरू नये.

पत्ता यादीतून कधीच घेऊ नये. वॉलेटमधल्या पत्त्यांच्या वहीत एकदा पूर्ण तपासून जतन करावा आणि तिथूनच वापरावा. पत्त्यातल्या लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक ताळा लपलेला असतो. तो टाइप करताना झालेली चूक पकडतो, पण चोराचा पत्ताही ताळ्यात बरोबरच असतो, त्यामुळे येथे त्याचा उपयोग नाही. मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी थोडी रक्कम पाठवून बघण्याची रीत चांगली आहे. मात्र दुसऱ्या वेळी पत्ता पुन्हा वहीतूनच घ्यावा, कारण दोन व्यवहारांच्या मधल्या काळातही आमिष येऊन पडू शकते.

नेटवर्क चुकल्याचीही पत्रे आहेत. इथेरियम, पॉलिगॉन, आर्बिट्रम यांसारख्या नेटवर्कांवर आपला पत्ता एकच असतो. स्वतःच्याच पत्त्यावर चुकीच्या नेटवर्कवरून रक्कम आली असेल, तर ती गेलेली नाही. वॉलेटमध्ये ते नेटवर्क निवडले की दिसेल. एक्स्चेंजच्या पत्त्यावर अशी गेली असेल, तर त्या पत्त्याची की त्यांच्याकडे असल्याने परत देणे न देणे त्यांच्या हाती आहे. टोकनच्या स्वतःच्या कॉन्ट्रॅक्टवर पाठवलेली रक्कम मात्र सहसा परत येत नाही.

प्रश्न : व्यवहार अयशस्वी झाला तरी शुल्क कापले गेले. ही तक्रार कोणाकडे करायची? आणि दुसरा एक व्यवहार दोन तासांपासून ‘पेंडिंग’ आहे.

उत्तर : कोणाकडेही नाही. शुल्क नेटवर्कच्या श्रमांचे असते, यशाचे नव्हे. प्रत्येक कामाला काही गॅस लागतो. गॅस म्हणजे नेटवर्कच्या श्रमांचे माप. साधे ईथर पाठवायला २१,००० एकके. दर ग्वेईमध्ये मोजतात आणि एका ईथरचे १०० कोटी ग्वेई होतात. दर २० ग्वेई असेल तर या कामाचे ०.०००४२ ईथर होतात. ऑगस्ट २०२१ पासून या शुल्काचा मूळ भाग नष्ट केला जातो, म्हणजे तो परत मागण्यासारखा कोणाच्या खिशातही गेलेला नसतो.

अडकलेल्या व्यवहारासाठी वॉलेटमध्ये वेग वाढवणे आणि रद्द करणे असे दोन पर्याय असतात. दोन्हींत त्याच अनुक्रमांकाचा नवा व्यवहार जास्त शुल्काने पाठवला जातो, आणि जो आधी नोंदला जाईल तो ग्राह्य ठरतो. त्यापुढचे सगळे व्यवहार त्याच्यामागे रांगेत थांबलेले असतात, म्हणून आधी तोच मोकळा करावा.

प्रश्न : वॉलेट चालत नव्हते म्हणून एका गटात मदत मागितली. ‘सपोर्ट’ म्हणवणाऱ्या व्यक्तीने एक दुवा दिला आणि वॉलेट ‘पडताळण्यासाठी’ त्यात बारा शब्द भरायला लावले. काही मिनिटांत ईथर गेले, थोडी टोकने अजून शिल्लक आहेत. काय करावे?

उत्तर : शिल्लक टोकनांकडे आधी पाहू. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर नवे वॉलेट तयार करावे आणि टोकने तिकडे हलवावीत. येथे अनेकांची एक चूक होते. ते त्याच वॉलेटमध्ये ‘नवे खाते’ उघडून रक्कम तिथे नेतात. ते खाते त्याच बारा शब्दांतून निघत असल्याने चोराकडे त्याचीही किल्ली असते. नवे म्हणजे नव्या शब्दांचे वॉलेट. त्याच शब्दांवर इतर नेटवर्कांत काही असेल, तर तेही याच वेळी हलवावे.

टोकने हलवण्यासाठी जुन्या पत्त्यावर गॅसपुरते ईथर लागतील आणि तिथे अडचण येऊ शकते, कारण अशा पत्त्यांवर आलेले ईथर क्षणात उचलणारे प्रोग्रॅम चोर लावून ठेवतात. एक-दोनदा थोडे ईथर पाठवून ते लगेच गेले, तर आणखी पाठवत राहू नये. जुने वॉलेट त्यानंतर कशासाठीही वापरू नये.

झालेल्या व्यवहारांचे क्रमांक, चोराचा पत्ता, त्या व्यक्तीशी झालेला संवाद आणि दुवा यांच्या प्रती काढून सायबर गुन्ह्यांच्या पोलिसांकडे तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे एखाद्या एक्स्चेंजवर गेलेली ब्लॉकचेनवर दिसत असेल, तर त्या एक्स्चेंजलाही तक्रारीच्या क्रमांकासह तातडीने कळवावे. रक्कम तिथे असेपर्यंतच ते ती गोठवू शकतात. चोराचा पत्ता कळला म्हणून चोर कळत नाही, आणि नोंदलेला व्यवहार उलटवणारे कोणतेही बटण नाही, हे मी आपल्याला आडपडद्याविना सांगितले पाहिजे.

आपल्या पत्राच्या शेवटी, गटातल्या आणखी एकाने ‘गेलेली रक्कम सोडवून देतो, आगाऊ फक्त दहा टक्के द्या’ असा निरोप पाठवल्याचे आपण लिहिले आहे. त्याला उत्तर देऊ नये, तो निरोप वर सांगितलेल्या प्रतींबरोबर पोलिसांकडेच द्यावा.